रिकाम्या जागा भरा

सोलापूरचं नाव काढलं की पुण्यातला माणूस दोन गोष्टी हमखास बोलतो. एक चादर आणि दुसरं ऊन. टीममध्ये कुणी जरा जास्तच हुशार असेल, तर तो एसीचा रिमोट दाबत विचारतो, ''तुमच्याकडे काय, जवळजवळ वाळवंटच ना?''

सात रस्त्याला वाढलेल्या मुलीला हे ऐकायची सवय असते. आमचा चौक नावाप्रमाणेच सात दिशांना फुटतो. दिवसभर रिक्षा, बस, चहाच्या गाड्या, हॉर्न. पण एप्रिल-मेच्या दुपारी दोन वाजता तिथेही शुकशुकाट असतो. डांबर मऊ, कुत्री गाड्यांखाली, तोंडाला स्कार्फ बांधलेली एखादी स्कूटीवाली. त्या वेळी फोटो काढलात तर तो वाळवंट म्हणून खपेलसुद्धा. त्यामुळे असल्या कॉमेंटवर मी हसते आणि शेंगाचटणीचा डबा पुढे करते. विषय संपतो.

या वर्षी मात्र तो शब्द थेट घरी आला. बार्शी रोडला, शहरापासून साधारण अर्ध्या तासावर, आमची नऊ एकर जमीन आहे. तीन एकर काळी आणि वर सहा एकर माळ. तो माळ एका सोलर कंपनीला भाड्याने हवा आहे. करार तीस वर्षांचा, भाडं एकरी वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे वर्षाला तीन लाख, काहीही न करता! ज्या जमिनीने आजवर गवत आणि कुसळं याशिवाय काही दिलं नाही, तिच्यासाठी. सोबतच्या कागदावर जमिनीचं वर्णन होतं, ''पडीक, अनुत्पादक व निर्जन''.

अप्पांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. मग थोडं थांबून म्हणाले, ''निर्जन लिहिलंय बघ. आपण कोण मग?''

माझा दादा गेली सहा वर्षं सौदीत आहे, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. त्याचा कॅम्प 'रुब अल खाली'च्या कडेला. या अरबी नावाचा अर्थच 'रिकामा चौथा हिस्सा'. रविवारच्या आमच्या तिघांच्या व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला, तेव्हा त्याने फोन उचलला, कॅम्पच्या गेटपाशी गेला आणि कॅमेरा बाहेर फिरवला. ''बघ गं, ह्याला म्हणायचं निर्जन.''

स्क्रीनवर नारिंगी रंगाशिवाय काही नव्हतं. वाळूतल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे तो रंग येतो म्हणे. दादा भूगोलात कधी चमकला नव्हता, पण सहा वर्षं तीच वाळू बघून त्याचा त्या विषयात सॉल्लिड अभ्यास झालाय. रुब अल खालीचं क्षेत्रफळ साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे दोन महाराष्ट्र मावतील आणि वर थोडी जागा उरेल. सौदी, ओमान, अमिराती आणि येमेन असे चार देश त्यात वाटेकरी. नैऋत्येला जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच. ती उतरत उतरत ईशान्येला जवळजवळ समुद्राच्या पातळीला येते. वाळूच्या टेकड्या काही ठिकाणी अडीचशे मीटरपर्यंत चढतात. कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे तीन रचा, तरी वाळू वर राहील. दोन टेकड्यांच्या मधे मिठाचे सपाट पट्टे असतात. वरून टणक दिसतात आणि पाऊस झाला की गाडी गिळतात. पाऊस मात्र वर्षाला पन्नास मिलिमीटरही नाही. काही भागांत तर सलग काही वर्षं एक थेंब पडत नाही.

अशा जागेत कोण राहणार? कडेकडेने उंटांचे कळप घेऊन फिरणारे बदाऊ सोडले तर आत वस्ती नाही. बाहेरच्या जगातला पहिला माणूस ते आडवं पार करून गेला तो १९३०-३१ मध्ये, बर्ट्रम थॉमस. पुढच्याच वर्षी फिल्बी, आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी थेसिगर. तिघांच्याही बरोबर वाटाडे होते ते तिथलेच बदाऊ, हे सांगायला दादा विसरत नाही. ''नाव साहेबाचं, पाणी कुठंय ते माहीत गड्याला,'' असं त्याचं म्हणणं. आता तिथे तेल आहे, विमानतळ आहे. सौदी आणि ओमानला जोडणारा, या वाळूतून जाणारा रस्ता २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाला. तरी दादा सांगतो की कॅम्पच्या दिव्यांपासून दोन टेकड्या पलीकडे गेलं की स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं.

आणि गंमत म्हणजे तेही कायम रिकामं नव्हतं. त्या वाळूत जुन्या तळ्यांचे तळ सापडले आहेत. त्यांच्या काठी पाणघोड्यांचे दात, रानगुरांची हाडं, माणसाने घडवलेली दगडी हत्यारं. साधारण दहा ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात तिथे पाऊस पडायचा, त्याआधीही एकदा तसं होऊन गेलं होतं. तो पाऊस कुठून आला? दक्षिणेकडून, हिंदी महासागरावरून. आपलाच मान्सून! तेव्हा त्याची हद्द जास्त उत्तरेला होती. मग तो हळूहळू खाली सरकला आणि तळी आटली. सोलापुरात आपण जून लागला की ज्याच्या वाटेकडे डोळे लावतो, त्याने एकेकाळी ते अख्खं वाळवंट हिरवं केलं होतं. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. (सोमवारी सकाळी साडेनऊचा क्लायंट कॉल होता, तरीही.)

मग वाळवंट म्हणजे नक्की काय? भूगोलाच्या पुस्तकातला ढोबळ नियम असा की वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो ते वाळवंट. थरच्या वाळवंटातलं जैसलमेर दोनशेच्या आसपास किंवा खाली. चिलीतल्या अटाकामाच्या टोकाला असलेलं आरिका तर सरासरी एक मिलिमीटरसुद्धा गाठत नाही. आणि आमचा सोलापूर जिल्हा? सरासरी साडेपाचशेच्या आसपास. रुब अल खालीच्या दहापटीहून जास्त. तेव्हा एसीचा रिमोट दाबणाऱ्या मित्रा, उत्तर 'नाही' असं आहे.

आम्ही आहोत पर्जन्यछायेत. हा शब्द आपण सगळे सातवी-आठवीत पाठ करतो आणि विसरतो. पण एकदा महाबळेश्वरहून खाली उतरून बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. तिथून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, आणि तिथे पाऊस एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. घाट उतरून वाईला याल तर आणखी कमी. पुढे माण-खटाव, माळशिरस, सांगोला हा सगळा टापू पाचशेच्या आसपास घुटमळणारा. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर चढताना थंड होतो आणि आपलं ओझं तिथेच उतरवतो. घाटाच्या अलीकडे तो खाली उतरतो तेव्हा गरम होत जातो, ढग विरतात. आमच्यावरून जातात ते रिकामे ट्रक. हात दाखवला तरी थांबत नाहीत.

म्हणून सोलापूरचा पाऊस पुण्यामुंबईसारखा जुलैत धो-धो नसतो. जूनमध्ये जरा हजेरी लावतो, मग दडी मारतो आणि खरा येतो तो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. आमच्या आज्यांनी शेती त्याच बेताने बसवली. काळी जमीन पावसाळाभर नांगरून, वखरून ठेवायची आणि शेवटचं पाणी तिच्या पोटात गेलं की ज्वारी पेरायची. त्यानंतर पाऊस नाही, विहीर नाही, कॅनॉल नाही. थंडीतलं दव आणि मातीतली ओल यावर ते पीक उभं राहतं. हुरडा पार्टीचे फोटो तुम्ही दर जानेवारीत टाकता ना, तो हुरडा असा येतो! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जिचं बियाणं आजही पेरलं जातं ती 'एम ३५-१' म्हणजे आपली मालदांडी. त्यातला 'एम' मालदांडीचा. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात ती निवडली गेली. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं काम सोलापुरात सुरू झालं. म्हणजे कमी पाण्यात कसं जगायचं याचा या गावाने जवळजवळ शंभर वर्षं अभ्यास केलाय.

आणि मग आम्ही ऊस लावला. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि जिल्ह्याचं नशीब पालटलं, हे खरंच आहे. त्याबद्दल नाक मुरडायचा अधिकार शहरात बसून कॉफी पिणाऱ्या माझ्यासारखीला नाही. पण आज या जिल्ह्यात तिसाच्या वर साखर कारखाने आहेत. पर्जन्यछायेत! उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त 'मृत साठा', म्हणजे दारांच्या खालचं. वरचं जिवंत पाणी संपलं की आकडे उणे होतात. ''उजनी मायनसमध्ये गेली'' हे वाक्य आमच्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखं बोललं जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. लहानपणापासून मी नळाला दिवसाआड, तीन दिवसांआड, पाच दिवसांआड पाणी येताना पाहिलंय. पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत लग्नघरासारखी पळापळ असते. कुणी याला वाळवंट म्हटलं की मला राग येतो तो यासाठी. खऱ्या वाळवंटात पाणी पडतच नाही, तिथे कुणाला जाब विचारणार? आमच्याकडे पडतं. त्याचं काय होतं हा निसर्गाचा नाही, आपला हिशेब आहे.

असो. मुद्दा माळाचा होता.

काळी जमीन सगळीकडे नाही. उंचवट्यावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. मोठ्या झाडाने मुळं घालायची कुठे? तिथे गवतच येतं. कुसळी, पवन्या, मारवेल. मधेच एखादी बाभूळ, हिवर, पिवळ्या फुलांचा तरवड. आठ महिने हा माळ वाळलेला, उजाड, तपकिरी दिसतो. ज्याला झाडं म्हणजे निसर्ग एवढंच माहीत आहे, त्याला तो मेलेलाच वाटणार. इंग्रजांच्या महसुलाच्या वहीत जी जमीन सारा देत नाही ती 'वेस्ट'. स्वतंत्र भारतातही २००० पासून सरकारचा 'वेस्टलँड अॅटलस' निघतो आणि त्यात उघडी गवताळ, झुडपी जमीन याच नावाखाली मोजली जाते. पूर्वी इथे घनदाट जंगल होतं आणि आपण ते तोडलं, अशीही एक समजूत आहे. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोककथांत कोणती झाडं येतात ते शोधून काढलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जास्त करून सापडली ती माळावरचीच झाडं. साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे माळच होता. तो बिघडलेलं जंगल नाही. तो मुळातच माळ आहे.

आणि त्याचा मालक होता माळढोक. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजन, आणि एवढं धूड घेऊन उडणारा पक्षी. घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, कारण त्याला चारी बाजूंनी दूरवर दिसायला हवं. ज्याला आपण रिकामं म्हणतो, तीच त्याची सुरक्षितता. १९७९ मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचा आकार तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होता! त्यात शेतं आली, गावं आली, रस्ते आले. जमीन विकायची तर परवानगी, घर बांधायचं तर परवानगी. या भागातल्या लोकांनी त्या पक्ष्याला मनापासून शिव्या घातल्या, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी संपत आले होते. माळ नांगरले गेले, जिथे गवत हवं तिथे झाडं लावली गेली, वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. मी शाळेत होते तेव्हा आमची सहल नान्नजला गेली होती आणि सरांनी दुर्बिणीतून लांबवर हलणारा एक ठिपका दाखवला होता. गेल्या काही वर्षांत तिथल्या गणनेत आकडा एकावर येऊन ठेपला. संपूर्ण देशात दीडशेच्या आसपास उरले असतील, तेही मुख्यतः राजस्थानात.

आमच्या सहा एकरांवर माळढोक नाही. ते सांगून भाव वाढवायचा माझा विचार नाही. पण गेल्या दिवाळीत मी अप्पांबरोबर पहाटे तिथे गेले, तर तासाभरात चार काळविटं, पखुर्ड्यांचा थवा, आणि पायाखालून पळत सुटणारा, मातीच्याच रंगाचा धाविक दिसला. ओल्या मुरमात लांडग्याचे ठसे होते. अप्पांनी ते काठीने दाखवले, जसं शेजाऱ्याचं दार दाखवावं तसं.

मग ही जमीन द्यायची की नाही? दादा म्हणतो, द्या. ''पॅनलला ऊन पायजे, ऊन आपल्याकडं फुकट पडायलंय. सगळं जग सोलरवर चाललंय. मी तेलावर पोट भरतोय, म्हणून मला जास्त कळतं.'' त्याचं चूक नाही. माझ्या लॅपटॉपला लागणारी वीजही कुठून तरी यायचीच. त्याच्या कॅम्पबाहेर साडेसहा लाख चौरस किलोमीटर ऊन पडलंय, तिथे लावा पॅनल, असं मी म्हटलं तर तो हसला. म्हणाला, ''तिथलंपण रिकामं नाय गं.'' आणि मग त्याने २०१८ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानात शिरली. वाळूच्या टेकड्यांमधे तळी साचली. कधी न उगवणारं गवत उगवलं आणि त्यावर टोळ वाढले, पिढ्यांमागून पिढ्या. बघायला तिथे कोणीच नव्हतं, त्यामुळे कळलंही नाही. त्यांचे थवे येमेन, इराण, पाकिस्तान, पूर्व आफ्रिका असे पसरत गेले आणि २०२० च्या मे महिन्यात, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलो असताना, टोळ अमरावती-नागपूरच्या संत्र्यांच्या बागांपर्यंत आले. जगातल्या सगळ्यात रिकाम्या जागेत काय चाललंय हे न बघितल्याचं बिल विदर्भात फाडलं गेलं.

''मग देऊ नका म्हणतोस?'' अप्पांनी विचारलं.

''तसं नाय अप्पा. तीन लाख हायत. तुमचे गुडघे बघा, ज्वारी काढवते का तुम्हाला आता?''

ज्वारीच्या तीन एकरांचा हिशेब मी एकदा एक्सेलमध्ये मांडला होता. तो इथे देत नाही, रडू येईल. शिवाय हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी आहेतच. माळावर पडलेलं पाणी गवतातून सावकाश उतरतं आणि खालच्या काळीत मुरतं. माळ सपाट करून खांब रोवले, तर ते पाणी तसंच उतरेल का? कंपनीच्या माणसाला मी फोनवर विचारलं. तो अगदी नम्र होता. म्हणाला, ''मॅडम, साइट तर ब्लँक आहे ना?'' मी माझ्या मते शांतपणे सांगितलं की ब्लँक नाही, त्यावर गवत आहे. तो म्हणाला, ''हो हो, ग्रास आम्ही क्लिअर करून देतो.''

सध्या आमचा विचार असा चाललाय की रस्त्याकडेचे दोन एकर द्यावेत, तिथे तसंही मुरूम काढून खड्डे पडलेत. बाकीचे चार ठेवावेत. कंपनीला दोन एकर परवडणार का, माहीत नाही. दादाला हे अर्धवट वाटतं. माझी मैत्रीण म्हणते, सात रस्त्याच्या सगळ्या गच्च्या तापून लाल होतात, आधी त्यांच्यावर पॅनल टाका, मग माळाचं बघू. तिच्या सोसायटीत मीटिंगला कोरम कधी भरत नाही, ही गोष्ट वेगळी.

अप्पा काहीच बोलत नाहीत. कागद टीव्हीखालच्या शोकेसमध्ये आहे, माझ्या दहावीच्या ट्रॉफीला टेकवून ठेवलेला. दर आठवड्याला कंपनीतून फोन येतो आणि अप्पा ''बघू की, घाई काय'' म्हणतात.

मागच्या शनिवारी मी घरी होते, तेव्हा दुसराच एक फोन आला. दरवर्षी दिवाळीनंतर एक धनगर कुटुंब मेंढरं घेऊन आमच्याकडे येतं. दिवसा माळावर चारतात, रात्री काळ्या रानात बसवतात. खत होतं, अप्पा त्यांना धान्य देतात. माझ्या आजोबांपासून हे चालू आहे. स्पीकरवर वाऱ्याचा आवाज, मागे घंटा, आणि तो माणूस मोठ्याने विचारत होता, ''अप्पा, औंदा माळ मोकळा हाय न्हवं?''

अप्पांनी शोकेसकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, ''मोकळा हाय. या.''